गोटहार्डचे नकाशे : ऐकलेला डोंगर, मोजलेला डोंगर

सोळाव्या शतकापासून पुढची जवळजवळ दोनशे वर्षे युरोपातले शिकलेसवरलेले लोक असे मानत होते की, आल्प्स पर्वताचा सर्वांत उंच भाग म्हणजे स्वित्झर्लंडच्या मध्यावरचा गोटहार्ड. ही अडाण्यांची समजूत नव्हती. तिच्यामागे चोख तर्क होता. ऱ्हाइन, ऱ्होन, रॉइस आणि तिचिनो या चार नद्या याच डोंगरगटाच्या आसपास उगम पावतात. ऱ्हाइन उत्तर समुद्राला मिळते, ऱ्होन भूमध्य समुद्राला, तिचिनो पो नदीतून एड्रियाटिकला जाते आणि रॉइस उत्तरेकडे वाहत जाऊन शेवटी ऱ्हाइनच्या पाण्यात मिसळते. पाणी उंचावरून सखल भागाकडे जाते; तेव्हा जिथून ते चहूदिशांना जाते ती जागा सर्वांत उंच असलीच पाहिजे, असा हा ठोकताळा. १५३८ साली स्वित्झर्लंडचा पहिला मोठा नकाशा छापणारा एगिडियुस चुडी आल्प्समधल्या खिंडींतून स्वतः हिंडलेला होता, तरी त्याचेही मत हेच होते. प्रत्यक्षात गोटहार्डची खिंड आहे २,१०६ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा साडेचारशे मीटरच वर. भोवतालचे सर्वांत उंच शिखर पिझ्झो रोतोंदो ३,१९२ मीटरचे आहे आणि माँ ब्लाँ त्याच्याहूनही दीड हजार मीटर उंच. तर्कात खोट नव्हती, पण निष्कर्ष साफ चुकला, कारण मधली एकही उंची कोणी मोजलेली नव्हती.

या खिंडीच्या नकाशांचा इतिहास बहुतेक वेळा चित्रकलेच्या प्रगतीसारखा सांगितला जातो. आधी वारुळांसारखे डोंगर, मग छायाप्रकाश, मग उताराच्या रेघा आणि शेवटी समोच्च रेषा. मला ही मांडणी अपुरी वाटते. डोंगर अधिकाधिक हुबेहूब दिसू लागला म्हणून नकाशा सुधारला, असे मानले तर १७९९ साली याच खिंडीच्या पायथ्याशी एका मोठ्या सैन्यावर जे ओढवले त्याचा उलगडा होत नाही. तोवर आल्प्सचे अतिशय देखणे नकाशे तयार झालेले होते. खरी सुधारणा दुसरीकडेच झाली. काय मोजले, काय पाहिले आणि काय नुसते ऐकले, हा भेद नकाशा करणारा पाळू लागला, आणि पुढे तो वाचणाऱ्यालाही कळेल अशी सोय झाली. हा भेद एका प्रतिभावंताच्या बळावर टिकत नाही. त्याला पिढ्यानपिढ्या चालणारी संस्था लागते. गोटहार्डच्या पुराव्यांवरून मला एवढेच दाखवायचे आहे.

आधी ती वाट कशी होती ते पाहू. इटलीच्या बाजूने तिचिनोच्या खोऱ्यातून ऐरोलोपर्यंत यायचे, खिंड ओलांडून आंडरमाटच्या सपाट खोऱ्यात उतरायचे. पुढे रॉइस नदी शोलेनेनच्या घळीत शिरते. तिथे दोन्ही बाजूंना सरळ तुटलेले कडे आहेत आणि खाली फेसाळते पाणी. तेराव्या शतकात या घळीतून वाट काढली गेली, नदीवर ‘सैतानाचा पूल’ झाला आणि कड्याला साखळदंडांनी टांगलेली फळ्यांची वाट तयार झाली, तेव्हा कुठे गोटहार्ड हा व्यापाराचा मार्ग बनला. १७०७-०८ मध्ये पिएत्रो मोरेत्तीनी या अभियंत्याने टांगत्या फळ्यांच्या जागी खडकातून ६४ मीटरचा बोगदा पाडला. आल्प्समधल्या रस्त्यावरचा तो पहिला बोगदा. घळ संपली की रॉइसचे खोरे रुंद होत आल्टडॉर्फला आणि तिथून फ्ल्यूएलेनच्या धक्क्यावर पोचते. पुढे सरोवर. लुझर्नच्या सरोवराचा हा दक्षिणेकडचा फाटा दोन्ही बाजूंनी कड्यांनी आवळलेला आहे. काठाने बैलगाडी जाईल एवढीही जागा नव्हती. माल फ्ल्यूएलेनला खेचरांवरून उतरायचा, होड्यांत चढायचा आणि पाण्यावरून श्वीझकडे किंवा लुझर्नकडे जायचा. गोटहार्डचा मार्ग अखंड होता, पण त्यातला एक टप्पा पाण्याचा होता. पुढच्या सगळ्या गोष्टीची गोम इथेच आहे.

इथे एक आक्षेप घेता येईल. खेचरवाल्यांनी पाचशे-सहाशे वर्षे ही खिंड कागदाच्या चिटोऱ्याशिवाय ओलांडली. बर्फ कुठे कोसळतो, कोणत्या महिन्यात कोणता ओढा अडवतो, कुठे जनावराला हाताने धरून न्यावे लागते, हे त्यांना तोंडपाठ होते. मग नकाशाची एवढी महती कशाला? आक्षेप खरा आहे आणि तो मान्यच केला पाहिजे: पायाखालच्या वाटेच्या ज्ञानात खेचरवाला कोणत्याही नकाशाच्या पुढे होता. पण ते ज्ञान माणसाबरोबर चालायचे. माणूस जिथे नाही तिथे ते पोचत नव्हते. ज्यांनी आल्प्स पाहिलेला नाही अशा लोकांना शंभर-दोनशे किलोमीटर दूर बसून या खिंडीविषयी निर्णय घ्यायची वेळ आली, की त्यांच्या हाती कागदच उरायचा. म्हणून नकाशाची परीक्षा स्थानिक माणसाशी तुलना करून होत नाही. अनोळखी माणसाला तो किती खात्रीने नेतो आणि कुठे सावध करतो, यावर ती होते.

अठराव्या शतकात स्विस लोकांनी डोंगर कागदावर उतरवायला फार मोठी मेहनत घेतली. झुरिकचा वैद्य आणि निसर्ग-अभ्यासक योहान याकोब शॉइख्त्सर वायुभारमापक घेऊन खिंडी चढला. १७१२च्या सुमारास त्याने चार पत्रकांचा स्वित्झर्लंडचा नकाशा काढला. वायुभारमापकाने उंची मोजणारा हा माणूस आपल्या प्रवासवर्णनांत आल्प्समधल्या ड्रॅगनांच्या ऐकीव हकिकतीही आस्थेने नोंदवत होता. ते त्या काळाला धरूनच होते: मोजलेले आणि ऐकलेले एकाच वहीत शेजारीशेजारी नांदत होते. १७५५ साली मिशेली द्यु क्रे हा जिनिव्हाचा राजकीय कैदी आरबुर्गच्या किल्ल्यात होता. पाण्याने भरलेली लांब पन्हळ समतल मापनासाठी वापरून त्याने किल्ल्यातूनच आल्प्सच्या शिखरांची उंची काढण्याचा प्रयत्न केला आणि त्यांचा मोजमापावर आधारलेला देखावा छापला. लुझर्नच्या फ्रान्झ लुडविग फीफर या निवृत्त सेनापतीने १७६२ ते १७८६ अशी चोवीस वर्षे खर्चून मध्य स्वित्झर्लंडचे सुमारे २६ चौरस मीटरचे उठाव-प्रतिरूप तयार केले. ते आजही लुझर्नमध्ये पाहायला मिळते. त्यात सरोवर आहे आणि सरोवरात थेट उतरणारे कडेही. हे प्रतिरूप पाहायला युरोपभरचे प्रवासी येत असत.

सर्वांत महत्त्वाकांक्षी काम आराऊ गावच्या योहान रुडोल्फ मायर या रेशमी फितींच्या कारखानदाराने केले. आपल्या खिशातले पैसे घालून त्याने स्ट्रासबुर्गचा सर्वेक्षक योहान हाइनरिख वाइस आणि एंगेलबर्गचा सुतार योआखिम ऑइगेन म्युलर यांना कामाला लावले. म्युलर डोंगरात वाढलेला होता. त्याने जागोजाग हिंडून आधी भूभागाचे उठाव-प्रतिरूप घडवले आणि त्यावरून नकाशा उतरवला गेला. १७९६ ते १८०२ या काळात त्याची सोळा पत्रके निघाली. प्रमाण सुमारे १:१,२०,०००. बाजूने पाहिलेल्या टेकड्यांच्या रांगा जाऊन त्यांच्या जागी वरून पाहिलेला, छायांकित, सलग डोंगर आला. आल्प्स इतका पटण्याजोगा तोवर कोणीच दाखवला नव्हता. एका सुताराच्या हाताला जमीन किती सूक्ष्म कळत होती, हे ती पत्रके पाहताना जाणवते, आणि मायरसारख्या खाजगी माणसाने हा भार उचलला याबद्दल आदरच वाटतो. पण या नकाशाचा मोठा दोषही त्याच्या या गुणातूनच आला. मध्य भागात काम बारकाईने झाले होते. पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या दुर्गम भागांत चुका पुष्कळ होत्या. तरीही कोरीव काम सगळीकडे सारख्याच आत्मविश्वासाने केलेले. पायी हिंडून मोजलेली दरी आणि लांबून पाहून अदमासाने काढलेली दरी, दोन्हींवरची रेघ एकाच वजनाची. वाचणाऱ्याला त्यांतला फरक कळायला मार्गच नव्हता.

१७९९ साली क्रांतिकारी फ्रान्सविरुद्ध रशिया आणि ऑस्ट्रिया एकत्र लढत होते. उत्तर इटलीत विजय मिळवून आलेला, सत्तरीला टेकलेला रशियन सेनापती अलेक्झांडर सुवोरोव्ह याला आल्प्स ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये जाण्याचा हुकूम झाला. झुरिकजवळ कोर्साकोव्हची रशियन फौज होती, तिच्या पूर्वेला होट्झेची ऑस्ट्रियन फौज, आणि समोर फ्रेंच सेनापती मासेना. सुवोरोव्हने गोटहार्डमार्गे येऊन मासेनाच्या पिछाडीवर आदळायचे, असा बेत ठरला. बेत आखण्यात ऑस्ट्रियन अधिकारी फ्रान्झ फॉन वायरोटर याचा मोठा हात होता. सहा वर्षांनी ऑस्टरलिट्झच्या लढाईतला दोस्तांचा बेतही त्यानेच आखला. इटलीतल्या आस्ती गावी बसून टप्पे ठरवले गेले. खिंड ओलांडायची, आल्टडॉर्फ गाठायचे, तिथून लुझर्नच्या सरोवराच्या काठाने श्वीझकडे सरकायचे. कागदावर आल्टडॉर्फ ते श्वीझ हे अंतर सरळ रेषेत वीस किलोमीटरही भरत नाही.

कबूल केलेली खेचरे ऑस्ट्रियनांनी वेळेवर पुरवली नाहीत म्हणून वाटेतल्या तावेर्ने गावी पाच दिवस फुकट गेले. २१ सप्टेंबरला सुमारे २१,००० माणसे निघाली. २४ तारखेला त्यांनी लढत लढत खिंड घेतली. २५ तारखेला मोरेत्तीनीच्या बोगद्यातून आणि फ्रेंचांनी नासधूस केलेल्या सैतानाच्या पुलावरून, तुटलेल्या भागावर ओंडके टाकून, ते पार झाले. २६ तारखेला आल्टडॉर्फ हाती आले. आणि तिथे कळले की पुढे रस्ताच नाही. सरोवराच्या काठावर कडे आहेत, आणि होड्या फ्रेंच सेनापती लकुर्बच्या ताब्यात आहेत. मग सुवोरोव्हने उजवीकडच्या डोंगरात फौज घातली. आल्टडॉर्फ साडेचारशे मीटरवर, किन्झिगची खिंड २,०७३ मीटरवर. मधली चढण गुराख्यांच्या पायवाटेची. माणसे एकामागे एक अशी चालत होती आणि पुढचे मुओटाटालच्या खोऱ्यात उतरले तरी शेवटचे अजून पलीकडेच होते. खोऱ्यात बातमी मिळाली की मासेनाने २५-२६ तारखेलाच झुरिकपाशी कोर्साकोव्हचा धुव्वा उडवला आहे आणि होट्झे मारला गेला आहे. ज्यांच्याशी हातमिळवणी करायची ते उरलेच नव्हते. त्यानंतर प्रागेलची खिंड, ग्लारुस, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ताज्या हिमात २,४०७ मीटरची पानिक्सची खिंड. तोफा गमावल्या, जनावरे दरीत गेली, माणसे रात्री उघड्यावर गोठून मेली. ऱ्हाइनच्या खोऱ्यात उतरले तेव्हा सैन्याचा जवळजवळ चौथा हिस्सा कमी झाला होता.

या दुर्दैवाचे खापर नकाशावर फोडणे योग्य आहे का? युद्धशास्त्राचा अभ्यासक क्लाउजेविट्झ याने या मोहिमेवर सविस्तर लिहिताना तिच्या आखणीवरच कठोर टीका केली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. गोटहार्डऐवजी पूर्वेकडच्या खिंडींतून लांबचा पण मित्रफौजेला जवळचा रस्ता घेता आला असता. आल्टडॉर्फच्या कोणत्याही नावाड्याला विचारले असते तरी काठाने वाट नाही हे कळले असते. शिवाय खुद्द मासेनाने आधीच हल्ला केला नसता तर किन्झिगचा वळसाही पचला असता. हे सगळे मान्य करूनही नकाशाचा प्रश्न उरतोच. आस्तीत बसलेल्या माणसांना नावाड्याला विचारायचे सुचले नाही, कारण विचारण्याजोगे काही आहे हेच त्यांना माहीत नव्हते. व्यापारी मार्गाची साखळी मिलानपासून लुझर्नपर्यंत सर्वांना ठाऊक होती. ती अखंड आहे हे खरेच होते. तिच्यातला एक दुवा पाण्याचा आहे आणि होड्या शत्रूने नेल्या की तो तुटतो, हे त्या माहितीत नव्हते. नकाशात चूक असली तर कधी तरी ती सापडते. पण जिथे माहितीच नाही ती जागाही माहिती असल्यासारखी भरलेली असली, तर ती संशयाला वावच ठेवत नाही. तिकडे लुझर्नमध्ये फीफरच्या प्रतिरूपात ते कडे बोटाने चाचपता येत होते. पण एका खोलीत बसवलेले प्रतिरूप सैन्याबरोबर फिरत नाही आणि त्याची प्रतही निघत नाही. सरोवराच्या पूर्व काठाने कडे फोडून आक्सेनचा रस्ता झाला तो १८६५ साली, सुवोरोव्हनंतर सहासष्ट वर्षांनी.

त्याच १७९९ साली सॅक्सनीचा सैनिकी अधिकारी योहान गेओर्ग लेमान याने डोंगर रेखाटण्याचा नवा सिद्धांत छापला. उताराच्या दिशेने बारीक रेघा ओढायच्या. उतार जितका तीव्र तितकी रेघ जाड, आणि पंचेचाळीस अंशांना कागद पूर्ण काळा. कोणी किती काळे करायचे हे आता चित्रकाराच्या मर्जीवर राहिले नाही, त्याला कोनाचा नियम मिळाला. मात्र नियम पाळायचा तर कोन मोजलेला हवा, आणि कोन मोजायचा तर जागा पक्की हवी. स्वित्झर्लंडमध्ये तेच नव्हते. बर्नचा प्राध्यापक ट्रालेस आणि त्याचा शिष्य फर्डिनांड हासलर यांनी १७९१ मध्ये ग्रोसेस मोस या दलदलीच्या सपाटीवर त्रिकोणीकरणाची आधाररेषा मोजली होती. पण फ्रेंच आक्रमणाच्या धामधुमीत ते काम खुंटले. हासलर पुढे अमेरिकेला गेला आणि तिथल्या किनारा-सर्वेक्षणाचा पहिला प्रमुख झाला. एका देशाने गमावलेली शिस्त दुसऱ्याच्या पदरात पडली. इकडे कँटनांचे, म्हणजे स्विस घटकराज्यांचे, स्वतंत्र कारभार, वेगवेगळी मापे, आणि मध्यवर्ती तिजोरी जवळजवळ रिकामी.

ही अडचण वैज्ञानिक नव्हती, राजकीय होती. म्हणून तिचे उत्तरही संस्थेतूनच यावे लागले. १८३२ मध्ये गियोम-आंरी ड्यूफूर या जिनिव्हाच्या अभियंत्याकडे सर्वेक्षणाची सूत्रे आली आणि १८३८ मध्ये त्याने स्थलवर्णन कचेरी उभी केली. पाया आधी घालायचा हे त्याने पक्के ठरवले होते. १८३४ साली योहानेस एशमानने त्याच दलदलीत सुमारे १३ किलोमीटरची आधाररेषा पुन्हा मोजली आणि तिच्यावरून आल्प्सच्या माथ्यांवर त्रिकोणांचे जाळे टाकले गेले. ते काम किती जिवावरचे होते याची कल्पना बुखवाल्डर या सर्वेक्षकाच्या अनुभवावरून येते. जुलै १८३२ मध्ये झेंटिस शिखरावरच्या त्याच्या तंबूवर वीज पडली. त्याचा सहायक जागीच गेला आणि स्वतः बुखवाल्डर जखमी अवस्थेत एकटा खाली उतरला. डोंगरात वर्षाचे दोन-तीन महिनेच काम चालायचे. १८५० मध्ये पित्स बर्निना या शिखरावर पहिले पाऊल ठेवणारा योहान कोआझ हा सर्वेक्षकच होता; तो तिथे मोजणीच्या कामासाठी गेला होता. १८४७ साली कँटनांत यादवी युद्ध पेटले तेव्हा संघराज्याच्या सैन्याचे नेतृत्वही ड्यूफूरकडेच आले. गोटहार्डची उत्तर बाजू ज्या ऊरी कँटनात आहे, ते विरोधी गटात होते. महिन्याभरात, फार रक्तपात न होऊ देता, त्याने युद्ध संपवले आणि पुन्हा नकाशाच्या कामाला लागला. १८४५ ते १८६५ या वीस वर्षांत १:१,००,००० प्रमाणाची पंचवीस पत्रके तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापली गेली. १८६३ मध्ये देशातल्या सर्वांत उंच, ४,६३४ मीटरच्या शिखराला त्याचे नाव देण्यात आले.

इथे माझ्याच म्हणण्याला छेद देणारा मुद्दा येतो आणि तो टाळून चालणार नाही. ड्यूफूरचा नकाशा जगात गाजला तो मोजणीपेक्षा सौंदर्यामुळे. लेमानचा काटेकोर नियम त्याने जसाच्या तसा घेतला नाही. आल्प्समध्ये तो लावला असता तर निम्मा कागद काळा पडला असता. त्याने प्रकाश वायव्येकडून येतो असे धरले आणि त्यानुसार डोंगराची एक बाजू उजळ, दुसरी गडद केली. डोंगर कागदातून उठून दिसू लागले. पण खऱ्या आल्प्समध्ये ऊन दक्षिणेकडून येते. द्राक्षमळ्यांची, उन्हात न्हाणारी दक्षिण उतरण नकाशावर सावलीत गेली आणि समान तीव्रतेचे दोन उतार, केवळ दिशा वेगळी म्हणून, वेगळे दिसू लागले. मग हा नकाशाही भुलवणाराच नव्हे का? अंशतः होय. फरक एवढाच की भुलवण्याखाली मोजणी होती. क्षेत्रकामाची मूळ पत्रके १:२५,००० आणि १:५०,००० प्रमाणावर, समोच्च रेषांसह काढलेली होती. छापील रेघा त्यांवरून उतरवलेल्या होत्या. पण वाचणाऱ्याला मूळ पत्रके दिसत नव्हती. म्हणून ड्यूफूरच्या वारसाने पुढचे पाऊल टाकले. झुरिक कँटनाच्या नकाशात योहानेस विल्डने समोच्च रेषाच छापण्याचा आग्रह धरून वाट दाखवली होती. १८७० पासून हेर्मान झीगफ्रीडने मूळ पत्रके दुरुस्त करून छापायला सुरुवात केली. आल्प्ससाठी प्रमाण १:५०,०००, दर ३० मीटरला तपकिरी रेषा, पाणी निळे, कडे आणि नावे काळ्यात. जिथे रेषा ओढता येत नाही अशा सुळक्यांवर खडकाचे रेखाटन. कुठे मोजलेला उतार आहे आणि कुठे चित्रकाराचा हात आहे, हे सामान्य वाचकालाही आता रंगावरून कळू लागले.

मोजलेल्या आणि ऐकलेल्या चुकांत काय अंतर असते, हे एका दगडावरून स्पष्ट होते. स्वित्झर्लंडला समुद्र नाही. त्यामुळे देशातल्या सगळ्या उंच्या जिनिव्हाच्या बंदरातल्या एका मोठ्या शिळेपासून मोजल्या गेल्या. तिची समुद्रसपाटीपासूनची उंची जुन्या नकाशांत ३७६.८६ मीटर धरलेली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नव्या मोजणीत ती ३७३.६ मीटर ठरली. म्हणजे देशातली प्रत्येक उंची सव्वातीन मीटरने चुकीची होती. पण ती सगळीकडे सारखीच चुकलेली असल्याने एका वजाबाकीत दुरुस्त झाली. गोटहार्ड सर्वांत उंच आहे ही समजूत अशी दुरुस्त होण्याजोगी नव्हती, कारण ती कोणत्याच आकड्याला बांधलेली नव्हती; तिला पूर्ण मोडूनच काढावे लागले.

शिस्तीची खरी कसोटी डोंगराच्या पोटात लागली. गोशेनेन आणि ऐरोलो यांच्यामध्ये पंधरा किलोमीटरचा रेल्वे बोगदा दोन्ही टोकांनी खणायचा होता. दोन्ही तोंडे एकमेकांना दिसत नाहीत आणि मध्ये अडीच-तीन हजार मीटरचे डोंगर. १८६९ मध्ये ओटो गेल्पकेने आणि नंतर कार्ल कॉपेने डोंगरावरून त्रिकोणांची माळ टाकून दिशा ठरवली. १८७२ मध्ये खोदकाम सुरू झाले. कंत्राटदार लुई फाव्र १८७९ मध्ये बोगद्यातच कोसळला आणि मरण पावला. कामगारांपैकी दोनशेच्या आसपास माणसांचे जीव अपघातांत गेले. १८७५ साली गोशेनेनला संप झाला तेव्हा चौघे गोळीबारात मारले गेले. २९ फेब्रुवारी १८८० रोजी मधली भिंत फुटली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या खोदाईत आडवा फरक ३३ सेंटिमीटर आणि उभा फरक ५ सेंटिमीटर निघाला. ऐंशी वर्षांपूर्वी याच डोंगराच्या पायथ्याशी वीस किलोमीटरच्या रस्त्याबद्दल एवढी गफलत झाली होती, हे आठवले म्हणजे या आकड्यांचे मोल कळते.

तरी मोजणीची हद्दही याच बोगद्याने दाखवली. आंडरमाटच्या खोऱ्याखाली खडक इतका भुसभुशीत लागला की बांधकाम दबून चिरडत होते आणि पुन्हा पुन्हा नव्याने करावे लागत होते. पृष्ठभागाचा नकाशा कितीही अचूक असला तरी त्याखालच्या खडकाविषयी तो बोलत नाही. हे न ओळखण्याची किंमत पुढे लोचबर्गच्या रेल्वे बोगद्यात मोजावी लागली. कांडर नदीच्या खोऱ्याखाली खडकाचा थर पुरेसा जाड असेल असे गृहीत धरले गेले होते. २४ जुलै १९०८ रोजी वरचा चिखल, वाळू आणि पाणी एकदम बोगद्यात घुसले आणि २५ कामगार गाडले गेले. त्यानंतर बोगद्याला वळण देऊन ती जागा टाळावी लागली. वरचा भूभाग उत्तम मोजलेला होता, खालचा नुसता मानलेला. आणि दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवला गेला. आस्तीतली चूक शंभर वर्षांनी वेगळ्या वेषात परत आली, तीही सगळी उपकरणे हाताशी असलेल्या अभियंत्यांकडून.

सरकारी संस्थेची मी एवढी बाजू घेतो, त्यावर शेवटचा आणि सर्वांत अवघड आक्षेप असा की, सरकार मुद्दाम लपवतेही. १८८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गोटहार्डभोवती किल्ले आणि तोफखाने खडकात कोरले गेले; दुसऱ्या महायुद्धात तर हा भाग देशाच्या शेवटच्या आश्रयस्थानाचा गाभा होता. ही बांधकामे अधिकृत नकाशांवर दाखवली जात नव्हती. जिथे तटबंदी होती तिथे कागदावर नुसता उतार असायचा. हे खोटेपण आहे, आणि सुरक्षेचे कारण कितीही योग्य असले तरी त्याला दुसरे नाव देता येत नाही. पण त्याचे स्वरूप चुडीच्या किंवा मायरच्या काळापेक्षा वेगळे होते. इथे लपवणाऱ्याला आपण काय लपवतो ते माहीत होते. मोजणी जपून ठेवलेली होती आणि गरज संपल्यावर ती उघड करता आली. अज्ञानाने भरलेली जागा कोणाच्याही कपाटात जपलेली नसते.

या सगळ्यावरून माझा निवाडा लोकमताच्या थोडा उलट जातो. स्विस नकाशाशास्त्राची कीर्ती ड्यूफूरच्या देखण्या पत्रकांवर उभी आहे आणि त्या माणसाचे संघटन, चिकाटी आणि न्यायबुद्धी पाहता त्याला मिळालेला मान रास्तच आहे. पण खिंडीच्या प्रदेशासाठी खरा टप्पा गाठला तो झीगफ्रीडच्या साध्या, कमी आकर्षक पत्रकांनी. कारण त्यांनी मोजणी वाचणाऱ्याच्या हातात दिली आणि चित्रकाराचा हात वेगळा दाखवला. १९३५ च्या कायद्याने नव्या राष्ट्रीय नकाशांची तयारी सुरू झाली. ते एकेक करून हाती येईपर्यंत गोटहार्डच्या दोन्ही उतारांवर सैनिक, अभियंते आणि गिर्यारोहक झीगफ्रीडचीच पत्रके वापरत होते.